स्थळे पाहताना असेक्शुअल असल्याचे कधी आणि कसे सांगावे?

पाचपाखाडीकर (ठाणे):
माझे वय ३१ आहे. मी आई-वडिलांसोबत राहते आणि ऐरोलीला नोकरी करते. आजवर मला कोणाबद्दलही, मग तो पुरुष असो वा स्त्री, शारीरिक ओढ वाटलेली नाही; यालाच असेक्शुअल असणे म्हणतात. गप्पा, सहवास, आजारपणात उशाशी बसणारे माणूस हे सगळे मला हवे आहे. शरीरसंबंधांची इच्छा मात्र होत नाही, आणि ती होत नाही याचे दुःखही होत नाही. घरी सध्या स्थळे पाहणे जोरात सुरू आहे. विवाहमंडळाच्या अर्जात रास, नाडी, मंगळ, पगार, इतकेच काय चष्मा आहे का हेही विचारतात, पण ही गोष्ट लिहायला रकाना नाही. आईला ओझरते सांगितले, तेव्हा "लग्न झाले की सगळे आपोआप होते" असे ती म्हणाली. तिने ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनी हार्मोन्सच्या तपासण्या लिहून दिल्या, आणि त्या सर्व व्यवस्थित आल्या. मुलाला हे पहिल्याच भेटीत सांगावे, की ओळख वाढल्यावर? आणि न सांगता लग्न केले तर कायद्याने काय होऊ शकते?

वाशीची वकील:
कायद्यापुरते उत्तर देते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, लग्नासाठीची संमती महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळवली असेल, तर फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत विवाह रद्द करण्याचा अर्ज करता येतो. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायद्याखाली लग्न केल्यास, हेतुपुरस्सर संबंधांना नकार देणे हेच विवाह रद्द करून घेण्याचे कारण होऊ शकते. शिवाय २००७ च्या समर घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, सबळ कारण नसताना एका जोडीदाराने दीर्घकाळ एकतर्फी नकार देणे ही मानसिक क्रूरता ठरू शकते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील अपवादामुळे सज्ञान पत्नीवर पतीने केलेली बळजबरी आजही बलात्कार मानली जात नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मिळते, पण तो मार्ग लांबचा आहे. त्यामुळे आधी सांगणे हे त्या मुलाच्या हक्काइतकेच तुमच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे. उलट, दोघांना माहीत असेल आणि मान्य असेल, तर संबंध नसलेला विवाह आपोआप अवैध ठरत नाही.

नेरुळ पूर्व:
प्रश्नकर्तीविषयी सहानुभूती आहे, पण ही खासगी बाब आहे. आपल्याकडे ब्रह्मचर्याला मान होताच. त्यासाठी वेगळी ओळख, झेंडा आणि 'दिवस' कशाला हवेत?

सानपाड्याचा वाचक:
नेरुळकरांना आधी उत्तर देतो. ब्रह्मचर्य म्हणजे असलेली इच्छा व्रत म्हणून आवरणे. इथे आवरण्यासारखे काही नसतेच. ब्रह्मचाऱ्याला कोणी तपासण्या लिहून देत नाही. अमेरिकी लैंगिकता संशोधक किन्सी यांनी १९४८ च्या अहवालात अशा व्यक्तींना 'एक्स' गटात टाकून विषय संपवला होता. २००१ मध्ये असेक्शुअल लोकांसाठीचे 'एव्हन' हे संकेतस्थळ सुरू झाल्यावर जगभरातले लोक एकमेकांना सापडू लागले. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ बोगार्ट यांनी ब्रिटनमधील १८ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीच्या आधारे हे प्रमाण सुमारे एक टक्का असल्याचे मांडले. ते ढोबळ धरले, तरी २०११ च्या जनगणनेत १८ लाखांच्या वर असलेल्या ठाण्यात असे लोक हजारोंच्या घरात भरतील, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण एकटेच असे आहोत असे वाटत असेल. ६ एप्रिलचा आंतरराष्ट्रीय असेक्शुअलिटी दिवस २०२१ पासून पाळला जातो तो याचसाठी. आमच्या ठाण्या-नवी मुंबईत व्याख्यानमालांना तोटा नाही. त्यांतले एखादे पुष्प या विषयाला मिळाले, तर या ताईंच्या आईलाही तो शब्द मुलीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकावा लागणार नाही.

आता मूळ प्रश्न. मी ४३ वर्षांचा, असेक्शुअल आणि विवाहित आहे. कांदेपोह्यांच्या भेटीत, आतल्या खोलीत मामा-मावशी कान देऊन असताना, हे बोलता येत नाही. दुसरी भेट बाहेर ठरवावी आणि साखरपुड्याची बोलणी होण्यापूर्वी सांगावे. मी पत्नीला वाशीच्या मिनी सी-शोअरवर सांगितले होते: "मला संसार हवा आहे, पण शरीरसंबंधांची इच्छा मला होत नाही, आणि लग्नानंतर ती होईल असे मी वचन देऊ शकत नाही." शेवटचा भाग गाळू नये, कारण समोरचा माणूस नेमकी तीच आशा धरून बसतो. मूल हवे की नको, हेही त्याच बैठकीत बोलावे. काही असेक्शुअल व्यक्तींना मूल हवे असते, काहींना संबंध अगदी नकोसेही नसतात, त्यामुळे स्वतःची मर्यादा स्वतःच सांगावी लागते. अर्जात किंवा व्हॉट्सॲपवर मात्र काही लिहू नका. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा असा मजकूर जातीच्या विवाह गटात फिरला होता. तोंडी बोललेलेही बाहेर जाऊ शकते, म्हणून पहिल्या भेटीत माणूस जोखून मगच बोला.

पाचपाखाडीकर (ठाणे):
सर्वांचे आभार. दुसऱ्या भेटीचा सल्ला पटला. आईला मात्र त्याआधी पूर्ण सांगावे का? ती पुन्हा डॉक्टर शोधू लागेल, अशी भीती वाटते.

सानपाड्याचा वाचक:
आधीच सांगा; नकार आला की कारण तिलाच विचारले जाणार आहे. समुपदेशकाकडे दोघी मिळून जाणार असाल, तर वेळ घेतानाच फोनवर विचारा की ते याला आजार मानतात का. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत, जी व्यक्ती स्वतःला असेक्शुअल मानते तिच्यावर कामेच्छेच्या अभावाच्या विकाराचे निदान लादू नये असे स्पष्ट म्हटले आहे. हे ज्यांना माहीत नसेल, त्यांच्याकडे आईला नेऊ नका.