पोथी ही पळवाट?

“पोथी वाचून कर्ज फिटत नाही, ती निव्वळ पळवाट” असं अडचणीच्या काळात पोथी वाचण्यावरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. कर्ज फिटत नाही, हे मान्य. पळवाट मात्र मला पटत नाही, कारण इथे सगळे जण एकटं, मनातल्या मनात वाचणंच धरून चाललेत. आमच्याकडे गोव्यात फोंड्याच्या बाजूला पोथी मोठ्याने वाचतात, आणि ऐकायला माणसं जमतात. आतेचे यजमान गेले तेव्हा ती कुणाशी बोलेना. मग संध्याकाळी सोप्यावर ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय वाचायला लागली. एका काडीचा चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला, बोट ओवीवरून सरकतंय. हळूहळू शेजारच्या बायका येऊन बसू लागल्या. वाचन संपलं की गप्पा, आणि त्या गप्पांतूनच दयानंद योजनेचा (गोवा सरकारच्या मासिक आर्थिक मदतीचा) अर्ज भरला गेला, बँकेत सोबतीला कोण जाणार तेही ठरलं.

आणखी एक. गोव्यात पोर्तुगीज काळात जुनी हिंदू पुराणं बंद झाली तेव्हा बाटून ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांची उणीव भासली. ‘ती तुम्ही बंद केलीत, तर तशीच दुसरी आम्हाला का देत नाही?’ असा प्रश्न फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीच्या ख्रिस्तपुराणात एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो. हे मराठी ओवीबद्ध पुराण १६१६ मध्ये छापलं गेलं आणि पुढे चर्चमध्येही वाचलं जाई. धर्म बदलला, तरी चारचौघांत बसून ओवी ऐकण्याची गरज गेली नव्हती. तिला पळवाट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.