मुलांच्या कार रेसिंगची सुरुवात 60,000 रुपयांत कशी करावी?

पोलोग्राउंडची_आई: नमस्कार. आम्ही इंदूरला राहतो आणि यजमानांचे पोलोग्राउंडला लेथचे वर्कशॉप आहे. उन्हाळ्यात दिरांकडे अमेरिकेत शार्लटला गेलो असताना माझ्या 11 वर्षांच्या मुलीने तिथल्या मुलांच्या बॅन्डोलेरो गाड्यांची शर्यत पाहिली. नळ्यांचा सांगाडा, वर फायबरग्लासची बॉडी आणि ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे 30 अश्वशक्तीचे इंजिन, अशी ती स्टॉक कारची, म्हणजे नेहमीच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या रेसिंग गाडीची, धाकटी बहीण असून 8 वर्षांची मुलेही ती चालवतात. इंजिन सीलबंद असल्यामुळे पैसे ओतून कोणाला ताकद वाढवता येत नाही, हे मला फार आवडले. वर्षाला 60,000 रुपये बाजूला काढता येतील. इथे तिच्यासाठी काय करता येईल?

विजयनगरचा_बाबा: ताई, रोटॅक्स कंपनीचे इंजिन बसवलेल्या कार्टखेरीज (कार्ट म्हणजे रेसिंगची छोटी, उघडी गाडी) दुसरा विचार करू नका. माझ्या मुलाला मी इटालियन चेसिस (गाडीचा सांगाडा) घेऊन दिली, आम्ही बंगळुरूला सरावाला जातो आणि दिवाणखान्यात आज चार ट्रॉफ्या आहेत. काही लाख लागतात, पण मुलांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये.

जुना_पिस्टन: मी जुने टू स्ट्रोक कार्ट घेतले आणि पहिल्याच दिवशी पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडून इंजिन सीझ झाले. विकणाऱ्याने प्रमाण सांगितलेच नव्हते. जुनी गाडी अजिबात घेऊ नका. तासाच्या भाड्याने चालवू द्या.

दोन_फटके: दोष टू स्ट्रोकचा नाही, मिश्रण न मोजण्याचा आहे. त्या इंजिनाचा आवाज आणि उसळी फोर स्ट्रोकला कधीच येणार नाही.

जुना_पिस्टन: आवाजाने दुरुस्तीचे बिल भरता येत नाही.

माळव्यातला_मराठी: पीथमपूरला 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथे विचारून पाहा.

रुग्णसेवक: तो वाहनांच्या चाचणीचा ट्रॅक आहे, मुलांच्या कामाचा नाही. गाडी कोणतीही घ्या, आधी अंगावरचे साहित्य पाहा. कार्टला सस्पेन्शन नसते आणि वळणावर सगळा भार सीटच्या कडेवर येतो. माझ्या मुलीची सीट दोन बोटे सैल होती; तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी तिच्या डाव्या बरगडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला आणि माझा जीव खालीवर झाला. सीट घट्ट बसणारी हवी आणि रिब प्रोटेक्टर, म्हणजे बरगड्यांचे कवच, हवेच. मोटारसायकलचे मोठ्या माणसाचे हेल्मेट मुलांच्या मानेला जड होते, म्हणून हेल्मेटची सुरक्षा तपासणाऱ्या स्नेल या संस्थेचे सीएमआर मानांकन असलेले, खास मुलांसाठीचे हलके हेल्मेट घ्या.

विजयनगरचा_बाबा: हेल्मेटचे बरोबर आहे. बाकी वर सांगितल्याप्रमाणे रोटॅक्सच.

कोल्हापूरची_लेक: माझे माहेर कोल्हापूरचे आहे, म्हणून तिथल्या मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर सुट्टीत नेऊन आणा, असेच मी म्हणेन. शिवाय इथल्या रेसिंगमधून स्टॉक कारकडे वाट जात नाही, असे समजू नका. 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले नारायण कार्तिकेयन 2010 मध्ये अमेरिकेत नॅसकार या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या ट्रक मालिकेत धावले आहेत. तूर्त विकत काहीच घेऊ नका.

जुना_पिस्टन: मीही तेच म्हटले होते, भाड्यानेच चालवू द्या.

पोलोग्राउंडची_आई: सगळ्यांचे मनापासून आभार. आपणा बहुतेकांचा सल्ला मोडून आम्ही बडोद्याहून जुने फोर स्ट्रोक कार्ट 38,000 रुपयांना आणले आहे, कारण मुलीला गाडी चालवण्याइतकीच ती खोलण्याची ओढ आहे आणि भाड्याच्या गाडीचा नट कोणी तिला उघडू देणार नाही. उरलेल्या पैशांतून सर्वांत आधी हेल्मेट आणि रिब प्रोटेक्टर येतील. काल तिने बाबांच्या शेजारी बसून मागचा अ‍ॅक्सल काढला आणि प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून मसाल्याच्या जुन्या डब्यात वाटीवाटीने ठेवला. एका बेअरिंगचा आवाज येतो आणि त्यावरचा नंबर झिजून गेला आहे. व्हर्नियरने तिने अ‍ॅक्सल मोजला, तो 25 मिलिमीटर भरला. या मापाचे बेअरिंग इथल्या सियागंज बाजारात मिळेल, की मागवावे लागेल?