जुने ॲनिमेपट आणि ओळखीच्या गोष्टी: तुमचा अनुभव लिहा

आडवाट
जानेवारी 2025मध्ये 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. लहानपणी टीव्हीवर पाहिलेला हा चित्रपट पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर बघता आला. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांचं हे काम 1990च्या दशकाच्या सुरुवातीचं. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली कथा, त्यामुळे 'पुढे काय' हा प्रश्नच नव्हता. म्हणूनच सांगणारा कुठे रेंगाळलाय ते दिसत गेलं. माझ्यासाठी ती जागा कुंभकर्णाची. त्याला उठवण्याचा खटाटोप, मग त्याचं रणांगणावर येणं. वानरांच्या उंचीवरून तो डोंगर वर बघत बघत मोजावा लागतो. कीर्तनात ऐकलेला कुंभकर्ण मला इतका अवाढव्य कधी वाटला नव्हता.

तुम्हीही लिहा. लोककथा, पुराण, परीकथा, काहीही चालेल, फक्त ॲनिमेपट जुना हवा. मूळ गोष्टीत काय बदललं आणि ते पटलं का, हे जरूर सांगा.

निळी शाई
तोएई या जपानी स्टुडिओची 1975ची 'जलपरी'. माझ्या मुलीला जलपरीची गोष्ट माहीत होती ती लग्नाने संपणारी. हा चित्रपट मात्र मूळ कथेचा लेखक अँडरसन याचा शेवट तसाच ठेवतो. मरीना, म्हणजे ही जलपरी, राजपुत्राला मारू शकत नाही, आणि तिचा फेस होतो. मुलगी खूप रडली. नंतर कितीतरी दिवस ती विचारत होती, की त्याला शेवटपर्यंत कळलंच नाही का, वाचवणारी हीच होती ते? मूळ गोष्टीचा गाभा एवढाच तर आहे. शेवट गोड केला असता तर हा प्रश्न तिला पडला नसता. मुलांना दुःख झेपत नाही हे मला मान्य नाही. सोबत बसून बघावं आणि नंतर बोलावं.

बांबूचं बन
निळी शाई, तुमचं पटतंय, तरी मी उलट उदाहरण देणार आहे. 'हाकुजादेन', 1958. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमेपट, आणि त्यासाठी निवडलेली कथा चीनची: पांढऱ्या नागिणीची. लोककथेत भिक्षू फाहाय तिला हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी लेइफंग पॅगोडाखाली कोंडतो. चित्रपटात ती सुटते. मेलेल्या प्रियकराला परत आणण्यासाठी ती आपली जादूची शक्ती सोडून देते, माणूस होते, आणि दोघं नावेतून निघून जातात.

हा शेवट मला चालला, कारण तिने त्याची किंमत मोजलीय. आणि सुरुवातच अशी आहे, की लहानग्या शु-शियनला, म्हणजे पुढे तिचा प्रियकर होणाऱ्या मुलाला, बाजारात मिळालेली नागीण मोठी माणसं टाकून द्यायला लावतात. तिथेच चित्रपट तिच्या बाजूला उभा राहतो. भिक्षूसुद्धा दुष्ट नाही. आपण या पोराला वाचवतोय असं त्याला मनापासून वाटतं. सगळ्या पात्रांचे आवाज मोरिशिगे हिसाया आणि मियागी मारिको या दोघांनीच दिलेत, हे कळल्यावर मी तो पुन्हा लावला आणि नुसता ऐकला. पुढे नामवंत ॲनिमे दिग्दर्शक झालेल्या, तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेल्या हायाओ मियाझाकींना या नायिकेने वेड लावलं होतं. 1963मध्ये ते त्याच तोएईत रुजू झाले.

घाटमाथा
'बूटवालं मांजर', 1969. फ्रेंच लेखक पेरोच्या मूळ कथेत मांजर राक्षसाला उंदीर व्हायला लावून खातं. इथे मांजरच पळतंय: उंदरांना सोडून दिलं म्हणून स्वतःच्या जातीचे मारेकरी मागे लागलेत. किल्ल्यातला शेवटचा पाठलाग पाहाच. जिने, बुरूज, कोसळणारे दगड, तरी कोण कुठे आहे ते एकदाही चुकत नाही. आजच्या कित्येक महागड्या चित्रपटांना हे जमत नाही. हे मांजर पुढे तोएईचं बोधचिन्ह झालं.

दगडी चाळ
मी 1960चा 'साइयुकी' सुचवेन, जुन्या चिनी कथेवरचा. दगडातून जन्मलेला माकड गोकू आणि भारताकडे निघालेला भिक्षू. हा भिक्षू म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग, जो सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला आणि इथल्या माणसांविषयी लिहून गेला! मी भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो चित्रपट थांबवून नकाशा घेऊन बसला. आमच्याकडे गोकूला सगळ्यांनी लगेच हनुमानच म्हटलं, पण हा माकड गर्विष्ठ आहे, शिक्षा भोगतो, हळूहळू सुधारतो. चित्रपट ओसामू तेझुकांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर बेतलेला. गोकूची वाट बघणारी रिनरिन शेवटी मरावी असं त्यांना वाटत होतं, स्टुडिओने तिला वाचवलं. इथे मी निळी शाईच्या बाजूने आहे: तेझुकांचं ऐकायला हवं होतं. तो सुधारून परत येतो, पण उशिरा, हे त्या गोष्टीत बसलं असतं.

आडवाट
सुंदर लिहिताय सगळे. माझी एक भर. 1963चा सुसानोओ आणि आठ डोक्यांच्या सर्पाचा चित्रपट. जपानी पुराणातला सुसानोओ दांडगा, उपद्रवी देव. इथे तो आई गेलेला मुलगा आहे, तिला शोधत निघालेला. एवढ्या एका बदलाने त्याच्या रागाला कारण मिळालं. चित्रं सपाट, कोनाकोनांची, जुन्या मातीच्या बाहुल्यांची आठवण करून देणारी, आणि संगीत 'गोजिरा'वाल्या (म्हणजे गॉडझिलावाल्या) आकिरा इफुकुबेंचं. सर्पाशी उडत्या घोड्यावरून होणारी लढाई आवाज मोठा करून बघा. जुन्या जपानी कादंबरीवरचा 1987चा 'गेंजी' कुणी पाहिलाय का? त्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही.