विषय नव्हे, वाचक आधी ठरवा

विद्यार्थ्यांनी सरकारी धोरणांवर केलेलं संशोधन कुणी वाचत नाही, ते कपाटात धूळ खात पडतं, अशी तक्रार असते. बऱ्याचदा तसं होतं, पण अमेरिकेत डार्टमथ कॉलेजचा ‘पॉलिसी रिसर्च शॉप’ हा उपक्रम बघा. तिथे पदवीचे विद्यार्थी न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या राज्यांतल्या आमदारांसाठी, समित्यांसाठी टिपणं तयार करतात आणि समितीपुढे ती मांडतातही.

हे तिथे का जमतं? न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात ४०० सदस्य आहेत आणि मानधन वर्षाला अवघे १०० डॉलर, तेही १८८९ पासून तेवढंच! बहुतेकांच्या हाताखाली स्वतःचा कर्मचारी नाही. अशा माणसाला दुसऱ्या राज्यांनी हाच प्रश्न कसा सोडवला, खर्च कुणाच्या माथी पडला, हे चार पानांत कुणी नीट मांडून दिलं तर तो ते नक्की वाचतो.

म्हणून मला वाटतं, अशा संशोधनासाठी ‘परवडणारी घरं’ यासारखा अघळपघळ विषय घेऊच नये. एखाद्या नगर परिषदेपुढे आत्ता कोणता नियम चर्चेला आहे ते शोधा, तिथल्या सदस्याला नेमकं काय अडतंय ते विचारा, आणि मगच आकडेवारीला हात घाला.