‘प्लेटलेट क्लंप्स’ला गुठळ्या म्हणायचं का?

भाषांतरकार: रक्ततपासणीच्या अहवालातले शेरे मराठीत करतोय. ‘प्लेटलेट क्लंप्स दिसले’चं ‘रक्तात गुठळ्या आढळल्या’ असं केलं, त्यावर तपासणाऱ्यांनी काट मारली. का?

जांभळं बूच: काट योग्यच. हा शेरा बहुतेकदा नळीतल्या घडामोडीचा असतो, शरीरातल्या नव्हे. जांभळ्या बुचाच्या नळीत गुठळी होऊ न देणारं ईडीटीए हे रसायन असतं, त्यामुळे काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. यंत्र असे पुंजके प्लेटलेट्समध्ये धरत नाही, म्हणून 2 लाखांच्या जागी 40 हजार छापून येतात. मग काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, निळ्या बुचाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घ्यायचं आणि आकडा 1.1 ने गुणायचा, कारण तिथे 9 भाग रक्तात 1 भाग द्राव असतो. ‘गुठळ्या’ वाचून घरचे थेट हृदयरोगतज्ज्ञ गाठतील. ‘पुंजके’ लिहा.

शब्दनिष्ठ: आधी ‘प्लेटलेट’ हटवा. ‘बिंबाणू’ आहे, शाळेच्या पुस्तकात ‘रक्तपट्टिका’ आहे.

आडवाट: पट्टिका म्हटलं की फूटपट्टी आठवते. ही तर 2-3 मायक्रॉनची तबकडी. डेंग्यूत लोक सरळ ‘पेशी कमी झाल्या’ म्हणतात, ते बरं.

शब्दनिष्ठ: पेशी कसली? केंद्रक कुठाय?

आडवाट: तांबड्या पेशीत तरी कुठाय?

जांभळं बूच: मुद्दा केंद्रकाचा नाही. अस्थिमज्जेतल्या महाकाय पेशीचे हे तुटलेले तुकडे. पण केंद्रक नसल्याचा परिणाम मोठा: ॲस्पिरिनने बंद पाडलेलं एन्झाइम प्लेटलेटला नव्याने बनवता येत नाही. 7-10 दिवसांचं तिचं उरलेलं आयुष्य तसंच जातं.

आता गुठळीचं. रक्तवाहिनीचं अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं. त्यावर वॉन विलेब्रांड घटक हे रक्तातलं प्रथिन बसतं आणि वाहती प्लेटलेट त्याला अडकते. मग ती तबकडी राहत नाही, तिला पाय फुटतात. एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन ही रसायनं सोडून ती इतरांना जागं करते. दोन प्लेटलेट्समधला दुवा म्हणजे फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन. इथवर झालं ते नुसतं बूच. पुढे थ्रॉम्बिन हे एन्झाइम त्याच फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचं जाळं विणतं, तेव्हा गुठळी. म्हणजे चिकटणं, पुंजका, बूच, गुठळी असे चार शब्द हवेत. सगळीकडे गुठळी नको.

शब्दनिष्ठ: आणि या क्रियेला ‘क्लथन’.

आडवाट: ते वाचूनच रक्त गोठतं.

ओवरी: ‘गोठणं’ही नको. पाणी गोठतं, तूप थिजतं, रक्त साकळतं. रक्तपेढीत ‘गोठवलेला प्लाझ्मा’ असतो, तो थंडीने गोठवलेला. त्यात गुठळी झालेली नसते. एकाच शब्दाचे दोन अर्थ एकाच फ्रीजपाशी!

आडवाट: साकळणं मुक्या माराचं. कातडीखाली काळंनिळं होतं ते.

ओवरी: तेही रक्तच की. वाहायचं थांबून एका जागी धरलं, म्हणजे साकळलं.

भाषांतरकार: ‘पुंजके’ घेतो. पण ‘सॅम्पल क्लॉटेड’चं काय?

जांभळं बूच: ती खरी गुठळी. रक्त घेतल्यावर नळी 8-10 वेळा हळूच उलटसुलट केली नाही की होते. असा नमुना फेकून नवा घ्यायचा. ‘नमुन्यात गुठळी’ लिहा.

ओवरी: ‘नमुना साकळला’.

आडवाट: ‘नमुना गोठला’ लिहिलंत तर लोकांना वाटेल, फ्रीजरमध्ये राहिला.

शब्दनिष्ठ: ‘नमुना’ फारसी आहे.