प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे वेळापत्रक आणि मेंटॉरची भेट : मेंटॉरने नेमके काय करावे?

प्रश्न (तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, भौतिकशास्त्र)

सप्रेम नमस्कार. मी एका जिल्ह्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. यंदा प्रथम वर्ष विज्ञानाच्या पस्तीस विद्यार्थ्यांचा मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक, म्हणून माझी नेमणूक झाली आहे. नावांची यादी आणि मेंटॉरची नोंदवही हाती आली. पुढचे ज्याने त्याने आपापल्या परीने निभवायचे, असा एकंदर प्रघात दिसतो.

वर्ग सुरू होऊन थोडेच दिवस झाले आहेत आणि बहुतेक अडचणी वेळापत्रकाच्या आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय), म्हणजे ओई, दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावे लागत असल्याने माझ्या काही विद्यार्थ्यांनी वाणिज्य शाखेचा विषय घेतला आहे. त्याचा तास बुधवारी दुपारी दीड वाजता असतो आणि त्याच दिवशी बी-टू बॅचचे रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल साडेअकरा ते अडीच चालते. काही मुले लांबच्या खेड्यांतून एसटीने येतात; शेवटच्या तासाला थांबले की गाडी चुकते. दोघांना गणित सोडून वनस्पतिशास्त्र घ्यायचे आहे. एक जण ‘कमवा व शिका’ योजनेत काम करतो आणि त्याच्या कामाची वेळ नेमकी इंग्रजीच्या तासावर येते.

यांतले काय मेंटॉरच्या अखत्यारीत येते आणि कशासाठी विद्यार्थ्याला कार्यालयात किंवा प्राचार्यांकडे पाठवावे? आणि दुसरे असे की, ही मुले भेटायलाच येत नाहीत. आली तर स्टाफरूमच्या दारात उभी राहतात, ‘काही नाही सर, सहज’ म्हणतात आणि जातात. त्यांना बोलते कसे करावे?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, अनेक वर्षे वेळापत्रक समितीवर काम)

आपल्या अडचणी वरवर सारख्या वाटल्या तरी त्या दोन जातींच्या आहेत, आणि ही वाटणी आधी मनात पक्की असू द्यावी. बॅच, तुकडी, तासाची वेळ हा सूचनाफलकावरचा मामला आहे. तो विभागप्रमुखांशी दोन शब्द बोलून सुटतो आणि त्यात मेंटॉरने बेलाशक पडावे. विषय बदलणे मात्र विद्यापीठाच्या दप्तरी नोंदले जाते. तेथे मेंटॉरचा शब्द चालत नाही, कागद चालतो.

बी-टू बॅचचा प्रश्न पहिल्या जातीचा आहे. प्रयोगशाळेतील जागा मोजक्या असल्याने ‘या मुलाला दुसऱ्या बॅचमध्ये घ्या’ असे म्हटले तर विभागप्रमुख बहुधा नकार देतील. त्याऐवजी ज्यांचा तास आणि प्रॅक्टिकल एकमेकांवर येतात त्यांची एकत्र यादी करावी आणि दुसऱ्या बॅचमधून तेवढेच विद्यार्थी अदलाबदलीसाठी शोधून ती यादी घेऊनच रसायनशास्त्र विभागात जावे. अदलाबदल मान्य झाली की त्याच आठवड्यात दोन्ही हजेरीपटांवर नावे हलवून घ्यावीत. हे राहून जाते, आणि मग मूल एका पटावर सतत गैरहजर आणि दुसऱ्या पटावर बिननावाचे असा प्रकार होतो. सत्राअखेरीस पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा हिशेब निघाला की त्याची ससेहोलपट सुरू होते.

ही गाठ मुळात विद्यार्थ्याने घातलेली नाही. पूर्वी कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांची वेळापत्रके स्वतंत्रपणे बनत, वाणिज्य अनेक ठिकाणी सकाळच्या सत्रात भरत असे आणि कोणाचा पाय कोणाच्या पायात अडकत नसे. राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने नवी श्रेयांक (क्रेडिट) रचना आणली, आणि तीत ओई मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यायचे ठरल्यावर तिन्ही शाखांची वेळापत्रके एकमेकांत गुंतली. अनेक महाविद्यालयांत मात्र ती अजून वेगवेगळ्या टेबलांवरच बनतात. आठवड्यातील ठरावीक तास सबंध महाविद्यालयात फक्त ओईसाठी मोकळे ठेवणे आणि त्या वेळेत एकही प्रॅक्टिकल न लावणे, एवढाच यावर कायमचा इलाज आहे. दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी आपण ही सूचना नावानिशी यादी जोडून लेखी द्यावी. तोंडी तक्रार समितीत कोणी मनावर घेत नाही, हे मी त्या समितीत बसूनच सांगतो आहे.

गणित सोडू पाहणाऱ्या दोघांना घाईने होकारही देऊ नये आणि नकारही देऊ नये. आधी कारण विचारावे. वरच्या वर्गातील कोणी ‘अवघड जाते’ असे सांगितले म्हणून विषय बदलणारे पुष्कळ असतात. ज्या विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने शिकवून त्यांतलाच एक पुढे मुख्य विषय म्हणून निवडायचा असतो, तेथे आज सोडलेला विषय उद्या मुख्य म्हणून मिळत नाही. आणि गणित सोडून भौतिकशास्त्राची वाट धरणाऱ्याचे काय होते, हे आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको. एवढे समजावूनही बदल हवाच असेल तर विद्यार्थ्याचा अर्ज, दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या, प्राचार्यांची मान्यता आणि कार्यालयाकडून विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंद, हे सारे विषयबदलाच्या शेवटच्या तारखेच्या आत पार पडायला हवे. ‘तोवर आमच्या तासाला बस’ अशी परवानगी कोणी प्रेमाने दिली तरी तिला भुलू नये. मूल सत्रभर वनस्पतिशास्त्राला बसते आणि परीक्षेचे हॉल तिकीट येते तेव्हा त्यावर गणित छापलेले असते.

एसटीसाठी तास हलवता येणार नाहीत, पण लांबून येणाऱ्यांना सकाळची प्रॅक्टिकल बॅच द्यावी, अशी विनंती सत्राच्या आरंभी विभाग सहसा मान्य करतात. विद्यार्थ्यांची संख्या बरी असेल तर प्राचार्यांच्या सहीने, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, गाडीच्या वेळेबाबत आगार व्यवस्थापकांना पत्र द्यावे. ‘कमवा व शिका’च्या समन्वयकांना भेटून त्या मुलाच्या कामाची वेळ बदलून घ्यावी, काम वेळापत्रक पाहून ठरवायचे असते.

उत्तर २ (कार्यालयीन अधीक्षक, वरिष्ठ महाविद्यालय)

सरांनी जे लिहिले आहे त्यात कार्यालयाच्या बाजूने थोडी भर घालते.

‘एक विषय यंदा नको, पुढच्या वर्षी करतो’ अशी विनंती घेऊन प्रथम वर्षाची मुले आमच्या खिडकीवर येतात. प्रत्येक सत्राला साधारण वीस ते बावीस क्रेडिट पूर्ण करायचे असतात, आणि एक क्रेडिट म्हणजे तासांच्या विषयाला पंधरा व प्रॅक्टिकलला तीस तास. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे म्हटले तरी किमान चाळीस क्रेडिट आणि त्यावर आणखी चार लागतात. त्यामुळे मधलाच एखादा विषय काढून टाकण्याची सोय या रचनेत नाही; त्या जागी त्याच गटातला दुसरा विषय घ्यावा लागतो. मेंटॉरने हे वर्गातच सांगितले तर मुलांचा हेलपाटा वाचेल.

दुसरे, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा राहणारे ऑनलाइन खाते) बारा अंकी क्रमांकाची चौकशी मेंटॉरने पहिल्याच भेटीत करावी. आधारवरील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव जुळत नसेल तर नोंदणी अडते, आणि ही दुरुस्ती वेळखाऊ असते. आधारवर वडिलांचे नाव मधे नसणे किंवा आडनाव आधी येणे, ही आमच्याकडची नेहमीची उदाहरणे.

विषय बदलणे निराळे आणि अभ्यासक्रमच बदलणे निराळे. बीएस्सी सोडून बीएला जायचे असेल तर तो प्रवेशच नव्याने बघावा लागतो. शुल्कात फरक पडतो, अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडीचा प्रश्न येतो, आणि महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज आधी भरला असेल तर तोही दुरुस्त करावा लागतो. अशा विद्यार्थ्याला चिठ्ठी देऊन पाठवू नये, मेंटॉरने शक्य तर स्वतः सोबत यावे. आणि एक विनंती : पस्तीस मुलांना पस्तीस वेळा पाठवण्यापेक्षा एक यादी करून द्यावी. जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर जी झुंबड उडते, तीत कोणाचेच काम धड होत नाही.

उत्तर ३ (तृतीय वर्ष विज्ञानाची विद्यार्थिनी)

आदरणीय सर, आपल्या दुसऱ्या प्रश्नावर विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहिते.

आम्ही स्टाफरूमच्या दारातून परत जातो, कारण आत सात-आठ प्राध्यापक बसलेले असतात आणि आपली अडचण सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावी लागते. बारावीपर्यंत शिक्षकांनी बोलावले म्हणजे काहीतरी चुकले, असाच आमचा अनुभव असतो. कारण नसताना जाऊन बोलायचे असते, हे ठाऊकच नसते. शिवाय तास, प्रॅक्टिकल आणि गाडी यांत मोकळा वेळ नेमका तेव्हाच मिळतो जेव्हा सर दुसऱ्या वर्गावर असतात.

आमच्या वर्गात ज्या मॅडम मेंटॉर होत्या, त्यांनी ‘अडचण असेल तर भेटा’ असे कधीच म्हटले नाही. त्या प्रॅक्टिकल सुरू असताना, जर्नल तपासता तपासता, एकेकाला स्वतःचे वेळापत्रक कागदावर काढून आणायला सांगत. महाविद्यालयाचे छापील वेळापत्रक नव्हे. घरातून किती वाजता निघतो, कोणत्या गाडीने येतो, कोणत्या तासाला बसतो आणि घरी किती वाजता पोचतो, असे सबंध आठवड्याचे. तो कागद समोर ठेवला की न बोलणाराही बोलतो, कारण त्याला अडचण शब्दांत मांडावी लागत नाही. माझ्या मैत्रिणीच्या कागदावर मंगळवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांत जेवणाची वेळच नव्हती. हे मॅडमना कागद पाहूनच कळले.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर सूचना द्याव्यात, पण अडचण विचारू नये. दीडशे जणांच्या गटात कोणी ‘मला विषय बदलायचा आहे’ असे लिहीत नाही.

उत्तर ४ (अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात शैक्षणिक सल्लागार)

येथे नव्या विद्यार्थ्याने सल्लागाराची भेट घेतल्याशिवाय पुढच्या सत्राची विषयनोंदणीच खुली होत नाही, अशी व्यवस्था अनेक विद्यापीठांत असते. तिला ‘होल्ड’ म्हणतात. भेट त्यामुळे कोणालाच टळत नाही, आणि ती घेण्यात संकोच वाटण्याचेही कारण उरत नाही. आपल्याकडे पोर्टल मेंटॉरच्या हाती नसले तरी परीक्षा अर्जावर किंवा विषयबदलाच्या अर्जावर मेंटॉरची सही आवश्यक ठेवली, तर तोच उपयोग होईल.

भारतातून पदवीसाठी येथे आलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट येथेच नोंदवतो. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्राला किमान बारा क्रेडिट ठेवावे लागतात आणि त्यांत ऑनलाइन वर्ग जास्तीत जास्त एकच धरला जातो. जड वाटणारा विषय सोडण्याची मुदत अजून आहे म्हणून तो परस्पर सोडला आणि आकडा बाराखाली गेला, तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. पालकांनी मला फोन केला तरी येथील १९७४ च्या विद्यार्थी-गोपनीयता कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या लेखी संमतीवाचून त्याच्या अभ्यासाविषयी मी बोलू शकत नाही. फोन ठेवताना त्यांना राग येतो, ते मी समजू शकतो.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्वतःचे वेळापत्रक कागदावर काढून आणण्याची सूचना लगेच अमलात आणतो आहे. रसायनशास्त्र विभागाशी बोललो. पाच जणांची अदलाबदल झाली, पण दोघांना जोडीच मिळाली नाही. त्या दोघांनी ओई ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन केले तर चालेल का?

उत्तर १, पुन्हा

नियमात वाव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून घेता येतात. पण तो विशिष्ट अभ्यासक्रम विद्यापीठाने त्या जागी मान्य केलेला असावा लागतो. तसे परिपत्रक हाती नसताना मुलांनी परस्पर नोंदणी केली तर प्रमाणपत्र मिळेल आणि क्रेडिट मिळणार नाहीत. शिवाय तिकडच्या परीक्षेचे आणि निकालाचे वेळापत्रक वेगळे असते, तेव्हा पहिल्याच सत्रात हा मार्ग मी सुचवणार नाही.

त्याऐवजी वाणिज्य किंवा कला शाखेच्या ओईंपैकी ज्याचा तास बुधवारी दुपारी नाही असा विषय पाहावा, त्या वर्गात जागा आहे का ते विचारावे, आणि दोघांचे विषयबदलाचे अर्ज गणितवाल्या दोघांच्या अर्जांबरोबर एकत्रच पाठवावेत. विषयबदलाच्या शेवटच्या तारखेचे परिपत्रक कार्यालयातून आजच पाहून घ्यावे. अर्जाची पोच घ्यावी, आणि पोर्टलवर विषय बदललेला दिसेपर्यंत दोघांनी जुन्या ओईच्या तासालाही, जमेल तेवढे, बसत राहावे.