जुना बॉबकॅट ७६३ थंडीत सकाळी चालूच होत नाही

गोठेवाला_निफाड

राम राम मंडळी. गोठ्यावर जुना बॉबकॅट ७६३ (पुढे बकेट असलेला छोटा लोडर) आहे, कुबोटाचं व्ही२२०३ इंजिन. शेण ओढायला आणि मुरघास भरायला रोज लागतो. दिवाळीपर्यंत अर्ध्या सेल्फवर उचलायचा. आता पारा ६-७ अंशांवर आलाय. पहाटे नुसता सेल्फ फिरतो, मागून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही. ऊन वर आलं की चालू होतो आणि मग दिवसभर कितीही वेळा बंद करा, लगेच उठतो. बॅटरी याच पावसाळ्यात नवी टाकली आहे. इथला मिस्त्री म्हणतो, डिझेलचा पंप आणि नोझल उतरवून कॅलिब्रेशनला द्या. मशीन अडकून पडलं तर सगळं शेण माणसांनी ओढायचं. हायड्रोस्टॅटिक (चाकं तेलाच्या दाबावर फिरणारं) असल्यामुळे ट्रॅक्टरसारखं ओढून चालू करायची सोयही नाही. पंप खरंच गेला असेल का?

वाळूवाला

दादा, एअर क्लीनरच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारा. एका सेल्फमध्ये चालू होईल.

डिझेल_मिस्त्री

स्प्रे अजिबात मारू नका. हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना आतली हवा तापवणारे) तापलेले असताना स्प्रेमधला ईथर आत गेला की पिस्टन वर यायच्या आधीच पेटतो. त्यात रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो. मग पंपाचा खर्च परवडला म्हणायची वेळ येते.

पंपालाही हात लावू नका. धूर पांढरा आहे, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, फक्त पेटत नाही. शिवाय झिजलेला पंप बहुतेक वेळा गरम इंजिनाला त्रास देतो, कारण तापलेलं डिझेल पातळ होऊन आतल्या आत गळतं. तुमचं दुखणं नेमकं उलटं आहे.

हे इंजिन प्री-चेंबरचं आहे. डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या छोट्या पोकळीत फवारलं जातं आणि त्या पोकळीच्या थंड भिंती दाबलेल्या हवेची उष्णता खाऊन टाकतात. म्हणून निफाडच्या थंडीतही त्याला हीटर लागतोच. उन्हाळ्यात दोन प्लग मेलेले असले तरी कळत नाही.

तपासायला मीटर आणि टेस्ट लॅम्प पुरे. हीटर चालू करून प्लगांवरच्या पट्टीवर व्होल्टेज बघा. बॅटरीपेक्षा एखाद्या व्होल्टने कमी चालेल. काहीच येत नसेल तर रिले, फ्यूज किंवा वायर. व्होल्टेज येत असेल तर स्विच बंद करून पट्टी पूर्ण काढा, कारण ती असेपर्यंत चारही प्लग एकमेकांना जोडलेले असतात आणि मेलेला सापडत नाही. लॅम्पचा क्लिप बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक एकेका प्लगच्या डोक्याला टेकवा. लॅम्प लागला नाही तो प्लग गेला. ओहम बघणार असाल तर थंड प्लग साधारण १ ओहम दाखवतो. मीटरच्या वायरींचा ओहम त्यातून वजा करा, नाहीतर चांगला प्लग फेकून द्याल.

दुसरं म्हणजे सेल्फ मारताना बॅटरीवर किती व्होल्ट राहतात ते बघा. ९.६च्या खाली जात असेल तर बॅटरी नवी आहे म्हणून सोडू नका, तीही तपासा. अर्थिंग वेगळं बघायचं: सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल उघडून घासा. सेल्फ हळू फिरला की कॉम्प्रेशनची उष्णता तयारच होत नाही.

हायड्रॉलिकला कोणतं तेल आहे? ६८ नंबरचं असेल तर पहाटे ते घट्ट असतं आणि सेल्फला इंजिनाबरोबर हायड्रॉलिकचे पंपही फिरवावे लागतात.

ट्रॅक्टरवाला_लासलगाव

डिझेल ड्रममधलं वापरता का? भारतीय मानकात डिझेलने फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश आहे. मे महिन्यात भरलेला ड्रम आत्ता उघडाल तर मेण धरू शकतं. पण तेव्हा धूर निघत नाही, इंजिन उपाशी राहतं. म्हणून आधी प्लगच बघा.

गोठेवाला_निफाड

डिझेल पंपावरून दर आठवड्याला ताजं आणतो. तपासलं सगळं. पट्टीवर ११.७ व्होल्ट आले. पट्टी काढल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या प्लगवर लॅम्प लागलाच नाही. अर्थिंगवर ०.९ व्होल्ट दिसले. केबल खोलली तर बोल्टाखाली रंग आणि हिरवा गंज. पॉलिश पेपरने चकचकीत केल्यावर ०.२वर आलं आणि सेल्फचा आवाजच बदलला. दोन प्लगांवर आज पहाटे रडत रडत का होईना, चालू झाला. हायड्रॉलिकला ६८ नंबरच आहे. प्लग दोनच बदलू की चारही?

डिझेल_मिस्त्री

चारही बदला. सगळे एकाच वयाचे आहेत. १२ व्होल्टचेच आणि पार्ट नंबर जुळवून घ्या. काढताना इंजिन गरम असू द्या आणि आदल्या रात्री चुडीवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. मेलेल्या प्लगचं टोक फुगलेलं असतं, जोर लावलात तर तुकडा हेडमध्ये राहील. थोडं मागे, थोडं पुढे असं फिरवत काढा. अडला तर तिथेच थांबा आणि मला फोटो टाका.

तेल पुढच्या सर्व्हिसला मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं टाका. तोपर्यंत चालू झाल्यावर पाच-सात मिनिटं कमी रेसवर सोडा, लगेच बकेट उचलू नका.